नळी, टूथब्रश आणि हिरवी दाढी

(कुपी आणि मागे टँक)

हा कोरल आणि माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक. चाचणीच्या कुपीतल्या पाण्याला रंग जवळजवळ चढलेलाच नाही. शेवाळाचं खत म्हणजे फॉस्फेट, ते अवघं ०.०२ पीपीएम (दशलक्षात भाग). आणि कुपीच्या मागे त्याच टँकमधल्या खडकांना शेवाळाची बोटभर लांब हिरवी दाढी फुटलेली. किट बरोबरच सांगतंय. पाण्यात येणारं फॉस्फेट शेवाळ लगेच गिळतं. चाचणीला सापडते ती शिल्लक.

(गाळणी)

माशांना घालायचे गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) वितळवले की असं गढूळ पाणी सुटतं. ते फेकून द्या, पण त्यावर फार विसंबू नका; बहुतेक फॉस्फेट खुद्द त्या मांसातच असतं. माशांनी खाल्लं की विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून खडकात. खडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते फॉस्फेट धरून ठेवतं आणि पाण्यातलं प्रमाण घटलं की सावकाश सोडत राहतं. म्हणून आठवडाभर खाणं कमी करून दाढी झडत नाही. वरून भरायचं पाणी मात्र आरओडीआयचंच (गाळून क्षार काढलेलं) हवं, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. मीटरवर आकडा दिसायला लागला की आरओडीआयमधलं क्षार शोषणारं रेझिन बदला.

(नळीचं टोक, अगदी जवळून)

आता खरं काम. १२ मिलिमीटरची नळी, तिच्या तोंडाशी झिप टायने बांधलेला टूथब्रश; ब्रशचे केस नळीच्या किंचित पुढे. पॉवरहेड (टँकमधला प्रवाहाचा पंप) बंद; सम्प या खालच्या टाकीतून पाणी वर आणणारा रिटर्न पंप चालू. नळीचं दुसरं टोक सम्पमधल्या २०० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळण पिशवीत. शेवाळ सॉकमध्ये अडकतं, पाणी टँकमध्ये परत येतं, त्यामुळे तासभर सायफन चालवला तरी पातळी उतरत नाही.

आधी चिमटीत धरून मुळाशी उपटायचं. पाहा, झुबका कसा अख्खा निघाला. मग उरलेल्या खुंटांवर ब्रश. नळी लांब ठेवून घासलं की तुकडे उडतात, कोरलच्या फटीत बसतात आणि तिथेच रुजतात. हलवता येणारा खडक सरळ टँकच्याच पाण्याच्या बादलीत घासावा. सॉक त्याच दिवशी धुवायचा.

हे हिरवे मणी म्हणजे व्हॅलोनिया, हेही शेवाळच. एवढा टपोरा मणी, आणि तो एकच पेशी! चपट्या स्क्रूड्रायव्हरने बुडातून उचकटायचा, नळी शेजारी धरून. फुटला तर आतला ऐवज टँकभर पसरू नये.

फांदी पिसासारखी दिसली तर ते ब्रायॉप्सिस शेवाळ, गोगलगायी त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्यावर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध वापरतात. पण मेलेलं शेवाळ आत कुजलं तर सगळं पुन्हा पाण्यात, म्हणजे नळी सुटत नाहीच.

(अर्चिन काचेवर)

काचेपलीकडून अर्चिन या काटेरी, शेवाळ खाणाऱ्या समुद्री प्राण्याचं तोंड पाहा. पाच दात, एकाच वेळी उघडणारे आणि मिटणारे. मागे राहिलेले चांदणीसारखे ओरखडे त्याचेच. शेवाळाबरोबर गुलाबी कोरलाइनही (खडकावरचा कठीण शेवाळी थर) खरवडतो, आणि न चिकटवलेला फ्रॅग (कोरलचा तुकडा) डोक्यावर घेऊन फिरतो, तेव्हा फ्रॅग आधी चिकटवा. टर्बो गोगलगाय वाळूवर उताणी पडली की बहुधा सुलटी होत नाही, ट्रोकस गोगलगाय होते. मात्र दोघी लांब वाढलेल्या शेवाळापुढे थकतात, त्यांना छाटलेलं गवत लागतं.

(सम्पमधला लाल प्रकाश)

हा टर्फ स्क्रबर. स्मिथसोनियनचे वॉल्टर एडी यांनी पुढे आणलेली कल्पना: शेवाळाला टँकबाहेर स्वतःचं शेत द्यायचं. प्लास्टिकची जाळी, करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी इतकी खरवडलेली की बोटाला टोचावी. जाळीच्या रुंदीच्या दर सेंटिमीटरमागे ताशी सुमारे ५० लिटर पाणी. पाण्याचा पडदा कुठेही तुटता कामा नये, नाहीतर तो पट्टा वाळतो.

फॉस्फेट शोषणाऱ्या लोहदाण्यांचा जीएफओ रिअ‍ॅक्टरही आहे. निम्म्या मात्रेने सुरू करा; फॉस्फेट एकदम पडलं तर अ‍ॅक्रोपोरा कोरल बुडापासून पांढरे पडतात, आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांची तपकिरी, बुडबुडेवाली चिकटी बऱ्याचदा येते.

जाळी निघाली. सात ते चौदा दिवसांची वाढ, जुन्या क्रेडिट कार्डाने गोड्या पाण्याखाली खरवडून घेतलेली. मुळं जाळीतच राहू द्यायची. काढलेलं शेवाळ मुठीत घट्ट पिळून काट्यावर ठेवा, वजन वहीत लिहा, आणि जाळी परत दिव्याखाली.