पहिला फोन

या चित्रफितीत तुम्हाला एकही चेहरा दिसणार नाही. दिसतील त्या खोलीबाहेर काढून ठेवलेल्या चपला, गोलाकार मांडलेल्या खुर्च्या आणि चहाचे पेले. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे ‘एए’ म्हणतात, त्या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगला कोण आले आणि कोण काय बोलले हे बाहेर जात नाही. हा नियम आम्ही कॅमेऱ्यासाठीही मोडलेला नाही.

या संघटनेची सुरुवात एका फोनपासून झाली. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअर दलाल कामानिमित्त अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात आला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते, हातातला व्यवहार फसला होता आणि हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार, तर दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. तो टेलिफोनकडे वळला आणि चर्चच्या यादीतले क्रमांक फिरवून दारूशी झगडणारी एखादी व्यक्ती भेटेल का, असे विचारत राहिला. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांसाठी म्हणून आले होते. बोलणे सहा तासांहून अधिक चालले. डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच एएचा स्थापना दिवस मानला जातो. विल्सनने त्यांना उपदेश केला नाही, स्वतःची हकीकत सांगितली. आजही मीटिंगमध्ये घडते ते एवढेच.

भारतात ही चळवळ १९५७ मध्ये पोहोचली. आपल्याकडे मात्र मीटिंगपर्यंत येण्याआधी माणसाने बरेच काही करून पाहिलेले असते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली असते, गळ्यात तुळशीची माळ घातलेली असते. त्या माळेच्या बळावर कायमचे सुटलेले लोक आहेत आणि त्यांच्या निश्चयाबद्दल मनात आदरच आहे. पण ज्याची शपथ मोडते, त्याच्या वाट्याला दारूबरोबर अपराधीपणही येते आणि ते विसरण्यासाठी तो पुन्हा पितो. मीटिंगमध्ये कोणी शपथ घालत नाही. दारू थांबवण्याची इच्छा एवढी एकच अट असते. प्रवेश फी नसते आणि जात, धर्म, पगार यांची चौकशी होत नाही. शेवटी फिरणाऱ्या पिशवीत ज्याला जमेल तो पैसे टाकतो आणि त्यातून जागेचे भाडे व चहा निघतो.

मीटिंग शोधायची कशी? एएच्या संकेतस्थळावर शहरानुसार ठिकाणे आणि वेळा मिळतात. केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरही विचारता येते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांतही मार्गदर्शन मिळते. एक सूचना येथेच द्यायला हवी, कारण तिच्याकडे दुर्लक्ष होते: अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर हात थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात आणि त्यातून जीवही जाऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना भेटावे.

अवघड असते ते दारापर्यंत जाणे. इमारतीसमोरून दोनदा फेरी मारून घरी परतलेली, ओळखीचे कोणी दिसेल या भीतीने रस्त्यापलीकडे थांबलेली माणसे बरीच असतात. आत गेल्यावर काय होते? कोणीतरी पाणी देते, नाव विचारते, आडनाव विचारत नाही. एकेक जण उभा राहून आपले नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणतो आणि पुढे आपली हकीकत सांगतो. घरात लपवलेली बाटली, विकलेले मंगळसूत्र, मुलीच्या शाळेतला तो एक दिवस. नवा माणूस ऐकत राहतो आणि हळूहळू त्याच्या ध्यानात येते की ही तर आपलीच गोष्ट आहे. त्याला बोलावेच लागते असे नाही; पहिल्या दिवशी नुसते बसून गेले तरी चालते. मध्ये कोणी कोणाला तोडत नाही, हे त्याला सर्वांत नवे वाटते, कारण गेली कित्येक वर्षे त्याचे वाक्य घरात कोणी पुरे होऊ दिलेले नसते, आणि घरच्यांनाही त्यासाठी दोष देता येत नाही.

घरच्यांसाठीही वेगळी जागा आहे. १९५१ मध्ये सुरू झालेल्या अल-अनॉनमध्ये मद्यपींचे नातेवाईक भेटतात, आणि मुक्तांगणचा ‘सहचरी’ हा गट व्यसनी पतींच्या पत्नींसाठी आहे.

मीटिंग संपते. खुर्च्या उचलल्या जातात. जाताना कोणीतरी चिठ्ठीवर दोन-तीन क्रमांक लिहून नव्या माणसाच्या हातात देते आणि सांगते: ‘रात्री बारा वाजता तलफ आली तरी फोन करा. पण पिण्याआधी करा.’ तो चिठ्ठी खिशात ठेवतो, चपला घालतो आणि जिन्याकडे वळता वळता विचारतो, उद्याची मीटिंग किती वाजता?