कौशिकाचं खरं आणि अर्जुनाचं ‘तू’

श्रोतेहो, नमस्कार.

थोरल्या माणसाला कुणी चारचौघांत अरे-तुरे केलं, तर आपल्याकडे घरात काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. महाभारतातला श्रीकृष्ण याच्याही पुढे जातो. ज्येष्ठाला ‘तू’ म्हटलं की त्याचा वधच झाला असं समज, असं तो अर्जुनाला सांगतो. ‘त्वमित्युक्तो हि निहतो गुरुर्भवति भारत’ हे त्याचे शब्द. कर्णपर्वातला हा प्रसंग आज मला तुमच्यासमोर मांडायचा आहे, आणि त्याच्यावर आयुष्याची शेवटची वर्षं विचार करत राहिलेल्या एका तत्त्वज्ञाबद्दलही सांगायचं आहे.

युद्धाचा सतरावा दिवस आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात पडून आहे. अर्जुन आणि कृष्ण आत येतात. युधिष्ठिराला वाटतं, कर्णाला मारूनच आले. तसं झालेलं नाही हे कळल्यावर त्याचा तोल सुटतो आणि तो म्हणतो, हे गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. एवढं ऐकलं आणि अर्जुनाने तलवार उपसली. गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याचं मस्तक उडवीन, अशी त्याची प्रतिज्ञा होती. इकडे दिलेला शब्द, तिकडे बापाच्या जागी असलेला भाऊ.

बिमल कृष्ण मतिलाल यांना हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटला. मतिलाल बंगालचे, जन्म १९३५चा. कलकत्त्याला संस्कृत आणि न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, शिकले, त्याच्याच नव्यन्याय या पुढच्या शाखेतल्या ‘अभाव’, म्हणजे एखादी गोष्ट नसणं, या कल्पनेवर त्यांनी हार्वर्डला प्रबंध लिहिला. पुढे ऑक्सफर्डमध्ये, जिथे एके काळी राधाकृष्णन होते त्या प्राध्यापकपदावर, १९९१ साली निधन होईपर्यंत ते होते. तर्कशास्त्र हा त्यांचा पिंड. उत्तरायुष्यात मात्र ते नीतीच्या प्रश्नांकडे वळले. महाभारतातल्या नैतिक पेचांवर त्यांनी संपादित केलेला निबंधसंग्रह सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेने १९८९ मध्ये काढला.

त्यांची तक्रार अशी होती की आपल्या दार्शनिकांनी प्रमाणं (म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं), आत्मा, मोक्ष यांवर दोन हजार वर्षं कीस पाडला, पण नीतीवर स्वतंत्र शास्त्र म्हणून फारसं लिहिलं नाही. मग तो विचार झाला कुठे? कथांमध्ये. ज्याला आपण कीर्तनातल्या गोष्टी समजतो, तिथेच आपलं नीतिशास्त्र आहे, असं ते मानत. मला हे मनापासून पटतं. मराठी वाचकाला हा मुलूख अनोळखीही नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात जे लिहिलं आणि १९१५ साली छापलं, त्यातलं ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण अशाच पेचांवर आहे. आणि महाभारताच्या ज्या संहितेच्या आधारे आज असा अभ्यास होतो, ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून सिद्ध केली. त्यातलं कर्णपर्व प. ल. वैद्यांनी संपादलं.

तर, तलवार उपसलेली आहे. कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक हा नद्यांच्या संगमाजवळ राहणारा तपस्वी. नेहमी खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. एकदा दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं त्याच्या देखत रानात शिरली. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी विचारलं, ती माणसं कुठे गेली? कौशिकाने खरं ते सांगितलं: त्या झाडावेलींच्या गर्दीत. ती माणसं सापडली आणि मारली गेली. खरं बोललेला कौशिक नरकात गेला.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ मध्ये जवळजवळ हाच प्रश्न घेतला होता. खुनी दारात उभा आहे, तुमचा मित्र घरात लपलाय, खुनी विचारतो, तो आत आहे का? कांट म्हणतात, तरीही खोटं बोलता येणार नाही. मतिलालांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या. कांटसाठी सत्य बिनशर्त आहे. कृष्णासाठी तसं नाही: निरपराध माणसाचा जीव पणाला लागला की सत्याची ती सक्ती उरत नाही. म्हणून धर्म हवा तसा वाकवावा असं मात्र मतिलाल म्हणत नाहीत. ते राम आणि कृष्ण यांची तुलना करतात. रामाचा धर्म नियम अक्षरशः पाळण्याचा, कृष्णाचा प्रसंग ओळखून त्यातून नवी वाट काढण्याचा.

ती नवी वाट म्हणजे तो ‘तू’. युधिष्ठिराला ‘तू’ म्हण, प्रतिज्ञा पुरी होईल आणि भाऊही वाचेल. अर्जुन तसं करतो, भावाला वाटेल तसं बोलतो. इथे आपण हुश्श करतो, पण व्यास करत नाहीत. अर्जुन लगेच स्वतःवर तलवार उगारतो, इतका त्याला पश्चात्ताप होतो. कृष्ण पुन्हा सांगतो, आत्मस्तुती कर, तीही आत्महत्याच. तेही होतं. मग युधिष्ठिर बिछान्यावरून उठतो आणि वनात जायला निघतो. कृष्ण त्याच्या पाया पडतो, अर्जुन रडतो.

मतिलालांचं म्हणणं मला इथे सगळ्यात खोल वाटतं. खरा पेच असेल तर तो निवड केल्यावर मिटत नाही. दोन कर्तव्यांपैकी जे हातून सुटतं, त्याचं देणं अंगावर राहतं. पश्चात्ताप होतो म्हणून निर्णय चुकला असं ठरत नाही, पेच खरा होता एवढंच कळतं.

हे वाचताना मला माझे वडील आठवत राहिले. त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि तिसऱ्या दिवशी गावी काका गेले, त्यांचे थोरले भाऊ. डॉक्टर म्हणाले, इतक्यात कळू देऊ नका. वडील रोज विचारायचे, “दादाचा फोन आला होता का रे?” मी सांगायचो, “आला होता, तुम्ही झोपला होतात.” आजही तशी वेळ आली तर मी तेच सांगेन.

वडील घरी आल्यावर चुलतभाऊ भेटायला आला. भर वैशाखात डोक्याला घट्ट रुमाल बांधून. वडिलांनी त्या रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “कधी?”

मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांच्या पेरांवर दिवस मोजले आणि म्हणाले, “म्हणजे दहावाही झाला.”