धनुष्याचा सामुराई, भाल्याचा नाइट

एक जुनं जपानी चित्र डोळ्यांसमोर आणा. घोडा रक्तबंबाळ होऊन उधळलाय. स्वार कसाबसा तोल सावरतोय. समोरून मंगोलांचे बाण येताहेत.

हा सामुराई ताकेझाकी सुएनागा. साल 1274, जपानचं क्यूशू बेट.

सामुराई म्हटलं की आपल्याला तलवारच आठवते. पण सुएनागाच्या काळी योद्ध्याच्या जगण्याला जपानी लोक ‘धनुष्य आणि घोड्याची वाट’ म्हणत. धनुष्य दोन मीटरहून लांब, आणि मूठ मध्यावर नाही, बरीच खाली. ते ओढताना दोन्ही हात गुंतलेले; ढाल धरणार कशानं? म्हणून चिलखताच्या दोन्ही खांद्यांवरून रुंद फळ्या लोंबतात. त्याच त्याच्या ढाली.

युरोपात नेमकं उलट. रणांगणात धनुष्य हे साध्या पायदळाचं हत्यार. नाइटची, म्हणजे तिथल्या चिलखती घोडेस्वार योद्ध्याची, ओळख भाल्याची. भाला काखेत घट्ट दाबलेला, पाय रिकिबीत, खोगीर मागून उंच. घोडा भरधाव सुटला की घोड्याचं आणि माणसाचं सगळं वजन भाल्याच्या टोकावर येऊन आदळायचं.

पोलादी चिलखतातला नाइट पडला की उठू शकत नसे, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. वीस-पंचवीस किलोंचा भार अंगभर वाटलेला असे. फ्रान्सचा मार्शल बूसिको तर शिरस्त्राण तेवढं उतरवून, बाकी चिलखतासकट कोलांटी मारायचा, असं त्याच्या चरित्रात लिहून ठेवलंय.

हाच बूसिको 25 ऑक्टोबर 1415 रोजी फ्रान्समधल्या अझँकूरच्या लढाईत, चिखलात इंग्रजांच्या हाती सापडला. नाइट कैद झाला तर खंडणी देऊन सुटे, तसा रिवाजच होता. बूसिको मात्र सुटला नाही. 1421 साली इंग्लंडमध्ये कैदेतच वारला.

सामुराईचा हिशेब वेगळा. शत्रूचं मुंडकं दाखवा, इनाम घ्या. सुएनागाकडे तर मुंडकंही नव्हतं. ‘हल्ल्यात मी सर्वांत पुढे होतो’ एवढंच सांगायला तो पुढच्या वर्षी थेट कामाकुराला, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सरकारच्या दारी गेला, हटून बसला आणि इनाम घेऊनच परतला. हा हट्टी माणूस मला फार जवळचा वाटतो.

दोघं समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? मोकळ्या माळावर मी सुएनागाच्या बाजूनं बोलेन, अरुंद वाटेवर बूसिकोच्या. पण खरी भेट झाली ती चिलखतांची. 1543 साली पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानात पोचली. पुढे गोव्याहून मलाक्का, मकाव करत त्यांची जहाजं तिकडे जाऊ लागली. गोळी अडवायला सामुराईंना युरोपचा जाड पोलादी छातीपत्रा आवडला. जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याच्याकडेही तसं चिलखत होतं.

आणि 1613 साली त्याच्याच मुलानं, शोगुन (जपानचा लष्करी शासक) हिदेतादानं, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला दोन जपानी चिलखतं भेट धाडली. ती आजही इंग्लंडच्या शाही शस्त्रसंग्रहात आहेत.