राहिलेल्या कामाची वही

श्रोतेहो, नमस्कार.

आरोग्यसेवेला किती माणसे लागतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. रुग्णालयाची नवी इमारत, नवे सीटी स्कॅन यंत्र, वाढलेल्या खाटा यांच्या बातम्या आपण आवडीने वाचतो. परंतु त्या खाटेवरच्या माणसाची नाडी रात्री दोन वाजता कोण पाहणार आहे, हा प्रश्न मंजुरीच्या कागदावर फार उशिरा येतो. आपल्या कोल्हापूरच्या सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या आवारात सकाळी केसपेपरसाठी जी रांग लागते, तीत शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड अशा डोंगराळ तालुक्यांतली माणसे असतात आणि घाट चढून आलेली कोकणातली माणसेही असतात. त्यांतील काहींचा आजार तालुक्याच्या ठिकाणीच बरा होण्यासारखा असतो. तिथे खाट असते, औषधही बहुधा असते. कमी पडतात ती माणसे. ती नेमकी कोणत्या वेळी आणि कोणत्या कामाला कमी पडतात, हे शोधून काढण्याचे एक शास्त्र आहे. परिचर्या महाविद्यालयात शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि हे शास्त्र विद्यार्थिनींना शिकवताना ते किती जिव्हाळ्याचे आहे, हे मला उमगत गेले.

आपल्याकडे हा हिशेब लोकसंख्येवरून मांडण्याची रीत जुनी आहे. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हापासून गावोगावच्या आरोग्यसेवेचा आराखडा याच रीतीने आखला गेला. सपाटीवर ३०,००० लोकांमागे आणि डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर उपकेंद्र अनुक्रमे ५,००० आणि ३,००० लोकांमागे एक, हे प्रमाण आरोग्य खात्याशी संबंध आलेल्या कोणालाही पाठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली जे धोरण मांडले, त्यात दर हजार लोकसंख्येमागे डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी मिळून ४.४५ एवढी संख्या असावी, असे धरले होते. देशाचे नियोजन करताना अशा आकड्यांवाचून चालत नाही. मात्र सरासरीमध्ये कोल्हापूर शहरातली दवाखान्यांची दाटी आणि गगनबावड्याच्या वाडीवस्तीवरची पायपीट एकत्र मिसळून जातात, आणि मिसळल्यानंतर त्यांतले काहीच दिसत नाही.

म्हणून दुसरी पद्धत पुढे आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली ती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली आणि २०१० साली सुधारून पुन्हा दिली. तिला कार्यभारावर आधारित मनुष्यबळ गरजेची पद्धत म्हणता येईल. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘विस्न’ म्हणतात. तिचे सूत्र एवढेच, की माणसे ठरवण्याआधी काम मोजावे. एका बाळंतपणाला किती वेळ लागतो, एक सलाईन लावायला आणि त्यावर लक्ष ठेवायला किती, एक ड्रेसिंग करायला किती, हे चांगल्या प्रतीच्या कामाला लागणाऱ्या वेळेवरून धरायचे, आणि वर्षभरातील कामांच्या संख्येने त्याला गुणायचे. दुसऱ्या बाजूला एक परिचारिका वर्षात प्रत्यक्ष किती तास हजर असू शकते, हे काढायचे आणि पहिल्या आकड्याला त्याने भागायचे. इथे पुष्कळांचा हिशेब चुकतो. रुग्णालयातील एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची, तर दिवसाला तीन पाळ्या, म्हणजे वर्षाला १,०९५ पाळ्या लागतात. एका व्यक्तीच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, सणांच्या सुट्ट्या, किरकोळ, अर्जित आणि आजारपणाच्या रजा, प्रशिक्षणाचे दिवस वजा केले, तर ती जागा अखंड भरलेली ठेवण्यासाठी साडेचार ते पाच व्यक्ती नेमाव्या लागतात. हे मी पुन्हा सांगते, कारण ते ऐकून पटकन विसरले जाते: रात्रंदिवस एक परिचारिका हजर हवी असेल, तर साडेचार ते पाच परिचारिकांची नेमणूक हवी.

आता जी हकीकत सांगते, ती मी प्रत्येक वर्गाला सांगत आले आहे, आणि हा विषय तिच्यावाचून मला पुरा झाल्यासारखा वाटत नाही. माझी एक विद्यार्थिनी जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका तालुक्यात, ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून रुजू झाली. तिच्या पिशवीत एक लांबट, लाल पाठीची, दुकानदार रोजमेळासाठी वापरतात तशी वही असे. डाव्या पानावर ती त्या पाळीत झालेले काम आणि त्याला लागलेली मिनिटे लिही. उजव्या पानावर करायला हवे होते, पण झाले नाही, ते काम आणि न होण्याचे कारण लिही. मी तिला त्याबद्दल विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, झालेलं सगळीकडं लिहावं लागतंच. राहिलेलं लिहायला रजिस्टरमध्ये रकानाच नाही.”

आषाढातील एक रात्र त्या वहीत आहे. भाताच्या लावणीचे दिवस होते आणि तालुक्यात संततधार लागली होती. तीसपैकी अकरा खाटांवर रुग्ण होते, म्हणजे कागदावर रुग्णालय निम्म्याहून अधिक रिकामे होते. पाळीला एक वैद्यकीय अधिकारी, ही एक सिस्टर, एक कक्षसेवक आणि सफाईकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. एक वाजून वीस मिनिटांनी एक बाई बाळंत झाली. बाळ रडले, वार पूर्ण पडली, सारे ठीक होते. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बाईची नाडी, रक्तदाब, गर्भपिशवीचा घट्टपणा आणि रक्तस्राव पाहायचा असतो, कारण पिशवी सैल पडून रक्तस्राव सुरू झाला, तर धडधाकट बाईदेखील दोन तासांच्या आत दगावू शकते. सिस्टरने पहिली पाहणी केली, आणि एवढ्यात दारात जीप येऊन उभी राहिली.

जीपमध्ये एक शेतकरी होता. संध्याकाळी वाफ्याच्या बांधावर त्याला घोणस चावली होती आणि ओढ्याला पाणी आल्यामुळे त्याला आणायला एवढी रात्र झाली होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होते. अशा रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती नळी वीस मिनिटे न हलवता ठेवायची असते, आणि मग तिरकी करून रक्त गोठले आहे का, ते पाहायचे असते. वीस मिनिटांनी सिस्टरने नळी तिरकी केली, तेव्हा रक्त पाण्यासारखे वाहिले, म्हणजे विष रक्तात भिनले होते. सर्पविषावरच्या लसीच्या दहा कुप्या सलाईनमध्ये मिसळून सुरू केल्या गेल्या. ही लस जीव वाचवते. पण काही रुग्णांना तिची तीव्र प्रतिक्रिया येते, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो, म्हणून ॲड्रिनॅलिनची सिरिंज भरून हाताशी ठेवावी लागते आणि रुग्णाजवळून हलता येत नाही. सिस्टर हलली नाही. प्रसूतिगृहात बाळंतिणीजवळ मावशी होत्या.

त्या मावशींना सिस्टरने मोकळ्या वेळी एक गोष्ट शिकवून ठेवली होती. बाळंतिणीच्या बेंबीच्या जरा खाली तळहात ठेवायचा. पिशवी नारळासारखी कठीण लागली, तर सारे ठीक, आणि मऊ लागली, तर दुसरे कोणतेही काम न करता पळत येऊन सांगायचे. अडीचच्या सुमारास मावशी दारात आल्या आणि म्हणाल्या, “सिस्टर, पिशवी मऊ लागतीया, कापड बी सगळं भिजलंया.” डॉक्टर सर्पदंशाच्या रुग्णाजवळ थांबले आणि सिस्टर धावली. तिने पिशवीला मसाज दिला, मूत्राशय रिकामे केले, पिशवी आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचे सलाईन जोडले, डॉक्टरांनी दारात येऊन पुढच्या सूचना दिल्या आणि पुन्हा आपल्या रुग्णाकडे गेले. पिशवी आवळली, रक्तस्राव थांबला. पहाटे त्या शेतकऱ्याला १०८ च्या रुग्णवाहिकेतून सीपीआरला पाठवले. दोघेही वाचले.

सकाळच्या सरकारी अहवालात त्या रात्रीचे वर्णन असे होते: दाखल रुग्ण, झालेली प्रसूती, संदर्भित रुग्ण एक, मृत्यू शून्य. वहीच्या उजव्या पानावर मात्र लिहिले होते: “१.५०, २.०५, २.२०. बाळंतिणीची नाडी, रक्तदाब, पिशवी पाहणे राहिले. कारण, सर्पदंशाजवळ एकटी.” आणि त्याखाली आणखी एक ओळ होती: “मावशींनी पाहिले. त्यांच्या कामात हे धरलेले नाही.”

पावसाळा संपल्यावर ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि आम्ही दोघी हिशेबाला बसलो. खाटांच्या प्रमाणात पाहिले, तर त्या रुग्णालयात परिचारिका अगदीच अपुऱ्या आहेत, असे कोणी म्हणाले नसते. काम मांडले, तेव्हा निराळे चित्र दिसले. सकाळच्या पाळीला तिघी असत आणि रात्री एक, पण बाळंतपण आणि सर्पदंश घड्याळ पाहून येत नाहीत. उजव्या पानावरच्या बहुतेक नोंदी मध्यरात्रीनंतरच्या होत्या, आणि जवळजवळ सगळ्यांचे कारण तेच होते, एकाच वेळी दोन गंभीर रुग्ण. डाव्या पानाने वेगळेच दाखवले: एकच माहिती निरनिराळ्या रजिस्टरांत उतरवण्यात आणि कुलूपबंद कपाटातून औषध काढून आणण्यात रात्रीचा मोठा भाग जात होता. तेथील वैद्यकीय अधीक्षकांनी हा हिशेब मनावर घेतला. वाढीव पदाचा प्रस्ताव वर गेला. त्याला वेळ लागणार होता. दरम्यान पुढच्या पावसाळ्यापुरती सकाळची एक परिचारिका रात्रपाळीला दिली गेली आणि तातडीच्या औषधांचा ट्रे प्रसूतिगृहातच ठेवला गेला. त्यामुळे सकाळी ड्रेसिंगची रांग लांबली. माझ्या विद्यार्थिनीने तीही उजव्या पानावर लिहिली, आणि याचा मला सर्वांत अभिमान वाटतो.

श्रोतेहो, राहून गेलेल्या शुश्रूषेवर गेली काही दशके जगभर संशोधन चालू आहे. अमेरिकेतील संशोधिका लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. पुढे २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या अभ्यासातही जवळपास हाच आकडा आला. अशा अभ्यासातून एका गोष्टीमुळे दुसरी घडलीच, असे छातीठोकपणे सिद्ध होत नाही. परंतु वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या व्यवस्थांत तीच दिशा दिसते, तेव्हा तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला अक्षम्य वाटते. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. तुमचे आप्त कुठे दाखल असतील, तर तेथील एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत, ते पाहा, म्हणजे या प्रमाणापासून आपण कुठे आहोत, हे कळेल.

काम वाढले, की आधी काय सुटते, हेही सांगायला हवे. इंजेक्शन सहसा सुटत नाही, कारण ते लिहून दिलेले असते. सुटते ते रुग्णाला कुशीवर वळवणे, त्याच्याशी बोलणे, घरी जाताना गोळ्या समजावून सांगणे आणि श्वास मोजणे. श्वासाविषयी माझा आग्रह फार जुना आहे. रुग्ण खालावू लागला, की पुष्कळदा नाडी आणि रक्तदाबाच्याही आधी श्वासाचा वेग बदलतो, आणि तरीही तक्त्यांमध्ये रुग्णामागून रुग्ण मिनिटाला वीस असाच आकडा दिसत जातो. तो मोजायला पूर्ण एक मिनिट द्यावे लागते आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ लागते. प्रत्येक कक्षाच्या भिंतीवर असे एक चालू घड्याळ असावे, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आले आहे. मोबाइल खिशातून काढून पुन्हा हात धुण्यापेक्षा भिंतीकडे पाहणे केव्हाही बरे.

मावशींच्या हाताविषयीही संशोधन बोलते. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि त्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करतात आणि ताप पाहतात, त्यामागे ते काम आहे. तेव्हा मनुष्यबळ म्हणजे केवळ डॉक्टरांची संख्या, असे समजू नये. कोणते काम कोणाला नीट शिकवता येईल, त्यांच्यावर देखरेख कोण ठेवील आणि त्यांना त्याचा मोबदला काय मिळेल, हे तिन्ही प्रश्न त्या हिशेबात यायला हवेत. तिसरा प्रश्न सर्वांत मागे ढकलला जातो, आणि ते अन्यायाचे आहे.

कोल्हापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट त्या हिशेबात धरावी लागते, ती म्हणजे पुराचे पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, गावांचे रस्ते तुटले. अशा दिवसांत येणारी पाळी आली नाही, तर असलेल्या पाळीलाच पुढे राबावे लागते. म्हणून परिचारिका आणि वैद्यकीय अधिकारी यांची निवासस्थाने रुग्णालयाच्या आवारात, गळती नसलेली, पाणी आणि वीज असलेली हवीत, असे माझे ठाम मत आहे. डोंगरी तालुक्यात कर्मचारी टिकत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी त्या खोल्या आत जाऊन पाहाव्यात.

आपल्यापैकी काही जण ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत किंवा रुग्ण कल्याण समितीवर असतील. पुढच्या बैठकीत दोन कागद मागून घ्या: गेल्या महिन्याचा पाळीनिहाय ड्युटीतक्ता आणि त्याच महिन्यातील प्रसूतींच्या व तातडीच्या रुग्णांच्या वेळा. ते शेजारी शेजारी ठेवा. रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत किती रुग्ण आले आणि त्या वेळी किती माणसे हजर होती, हे मोजायला तासभर लागेल. फरक मोठा दिसला, तर पदाची मागणी त्या दोन कागदांसह करा. नुसत्या खाटांच्या संख्येवर केलेल्या मागणीपेक्षा ती मागणी नाकारणे अधिक अवघड असते.

नमस्कार.