फारहाने ओळखलं होतं, तरी कॉल केला नाही

मे 2003, लास वेगास, बिनियन्स हॉर्सशू कॅसिनो. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला 839 जण बसले होते, एन्ट्री 10,000 डॉलर, आणि आता टेबलवर दोघंच उरलेत. एक सॅमी फारहा, जन्म लेबनॉनचा, कॅश गेममधे, म्हणजे स्पर्धेबाहेर थेट पैशांवरच्या डावांत मुरलेला, तोंडात न पेटवलेली सिगरेट. दुसरा ख्रिस मनीमेकर, टेनेसीचा 27 वर्षांचा अकाउंटंट, ऑनलाइन सॅटेलाइट, म्हणजे मोठ्या स्पर्धेची एन्ट्री मिळवून देणारी छोटी स्पर्धा, जिंकून इथवर आलेला.

आता हे पत्ते नीट बघा. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती, फारहाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. फ्लॉपला, म्हणजे टेबलवर दोघांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, नव्वी, दुर्री, छक्की, त्यातली नव्वी आणि छक्की इस्पिकची. म्हणजे फारहाची टॉप पेअर लागली, टेबलवरच्या सगळ्यात मोठ्या पानाशी जोडी, पण दोघंही चेक करतात, काही न लावता पुढे जातात. टर्नला, म्हणजे चौथं पान, इस्पिकची अठ्ठी येते, फारहा 3 लाख चिप्सची बेट लावतो, मनीमेकर ती 8 लाखांवर नेतो, फारहा कॉल करतो, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालतो. मनीमेकरचा या घडीला फ्लशही (पाचही पानं इस्पिकची) लागू शकतो आणि स्ट्रेटही (ओळीने पाच पानं), हातात मात्र साधी जोडीसुद्धा नाही. शेवटचं पान बदामची तिर्री. काहीच लागलं नाही.

फारहा चेक करतो आणि मनीमेकर ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे.

आता फारहा त्याच्याकडे बघत बसतो, आणि मग सरळ विचारतो, फ्लश हुकला ना तुझा? हुकलाच होता! अंदाज शंभर टक्के बरोबर. मनीमेकर टोपी-गॉगलमधे नुसता बसून, काही बोलत नाही. आणि फारहा पत्ते टाकून देतो.

का टाकले असतील? नव्वीची जोडी इथे जवळपास फक्त ब्लफलाच, म्हणजे हातात काही नसताना मारलेल्या थापेलाच हरवते, आणि चुकलं असतं तर फारहा तिथेच बाहेर. शिवाय नवख्याला नंतर सावकाश खेळून हरवू असंही वाटलं असेल, असं मला वाटतं. पण हिशोब बघा ना, पॉटमधे, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या ढिगात, आधीच 18 लाख पडलेत, त्यामुळे असा कॉल निम्म्यापेक्षा कमी वेळा बरोबर ठरला तरी परवडतो, त्यात फारहाच्या हातात स्वतःची इस्पिकची राणी होती, म्हणजे समोरच्याकडे फ्लश असायची शक्यता अजून थोडी कमी. ज्याने तोंडाने ब्लफ ओळखला त्याला एवढी खात्री पुरायला हवी होती. माझ्या मते पत्ते टाकताना तो समोरच्याला वाचत नव्हता, चुकलो तर काय जाईल तेच मोजत होता, आणि पोकरमधे बहुतेक रीड, म्हणजे समोरच्याबद्दलचे अंदाज, असेच वाया जातात, डोळ्यांना दिसतं पण चिप्स पुढे सरकत नाहीत.

पुढे काय झालं ते तर अजून बोचतं. शेवटच्या हँडला फ्लॉप गुलाम, पंजी, चौकी. फारहाकडे गुलाम-दश्शी, पुन्हा टॉप पेअर, आणि यावेळी मनीमेकरने रेज केल्यावर, म्हणजे बेट वाढवल्यावर, तो ऑल-इन जातो. मनीमेकरकडे पंजी-चौकी, दोन जोड्या, तो लगेच कॉल करतो, शेवटच्या पानावर अजून एक पंजी येऊन फुल हाऊसच (तीन पंज्या, दोन चौक्या) होतं. जिथे समोर काहीच नव्हतं तिथे फारहाने सोडलं, जिथे खरंच होतं तिथे सगळं लावलं.

मनीमेकरला 25 लाख डॉलर, फारहाला 13 लाख. आणि ईएसपीएनवर कॅमेऱ्याने दोघांचे झाकलेले पत्ते दाखवल्यामुळे हा ब्लफ घराघरात पोचला, पुढच्याच वर्षी मेन इव्हेंटला 2,576 जण आले.