देवगिरी: कडा अभेद्य, कोठार रिकामं

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालात की 15 किलोमीटरवर हा डोंगर दिसतो. सुमारे 200 मीटर उंच, आणि खालच्या अंगाला सुरीनं कापल्यासारखा सरळ. हे माणसांचं काम आहे. छिन्नी-हातोड्यानं उतार तासून त्यांनी 50 मीटरचा उभा कडा केला, पायथ्याशी कातळातच खंदक खोदला. वर जाणारी वाट डोंगराच्या पोटातून जाते, तिचं नाव अंधारी. भर दुपारी तिथं मशालीशिवाय पाऊल टाकवत नाही. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, त्यावर जाळ केला की आत शिरलेला शत्रू धुरानं गुदमरायचा.

पाचव्या भिल्लम यादवानं 12व्या शतकाच्या अखेरीस इथं राजधानी वसवली. ज्ञानदेवांनी ज्याला न्यायी राजा म्हटलं, तो रामचंद्रदेव इथलाच.

1296. काही हजार घोडेस्वार घेऊन अल्लाउद्दीन खिलजी अचानक पुढ्यात उभा राहिला. यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. रामचंद्रदेवानं दरवाजे लावून घेतले. कडा चढून कोणी आलं नाही. पण घाईघाईत गडावर नेलेली पोती उघडली, तर धान्याऐवजी मीठ निघालं, असं फारसी तवारिखा, म्हणजे इतिहासग्रंथ, सांगतात. जबर खंडणी देऊन तह करावा लागला. पुढच्या बावीस वर्षांत यादवांचं राज्यच बुडालं.

मुहम्मद तुघलकानं हलवलेली राजधानी, दौलताबाद हे नाव, बहमनींचा चांदमिनार, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. थांबायला हवं ते किल्लेदार जनार्दनस्वामींपाशी. सुलतानाची चाकरी सांभाळून दत्तभक्ती करणाऱ्या या गुरूकडे पैठणचा एकनाथ लहानपणीच आला. गुरूची सेवा, गडाचे हिशेब आणि अध्यात्म, सगळं तो इथंच शिकला.

याच गडावर 1629 मध्ये जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव निजामशहाच्या दरबारात दग्यानं मारले गेले. सोबत त्यांची मुलंही. सिंदखेडचे जाधव स्वतःला यादवांचे वंशज मानत. पूर्वजांच्या राजधानीत त्यांच्यावर वार झाले, हे वाचताना आजही पोटात तुटतं.

चार वर्षांनी मोगल आले. महाबतखानानं सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले. दख्खन नुकतीच दुष्काळानं होरपळली होती, गडावर दाणा उरला नव्हता. मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान यानं किल्ला स्वाधीन केला. तीन शतकांनंतर पुन्हा भुकेनंच!

मोगलांनी इथं राजकैदी ठेवले. 1687 मध्ये गोवळकोंडा पडला, आणि तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला गडावरच्या चिनी महालात आणून कोंडलं. तो मरेपर्यंत सुटला नाही.