मूठभर उळं

तळहातावर आहेत ते तीळ नाहीत. जवळून पाहा, प्रत्येक दाण्याला कोन आहेत, अंगावर सुरकुत्या आहेत. हे कांद्याचं बी. नाशिककडचे शेतकरी याला उळं म्हणतात. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे दाणे भरतात. (वाण्याकडे ‘कांद्याचं बी’ म्हणून मिळते ती बहुतेकदा कलौंजी. ती पेरून पात येणार नाही.)

हे उळं आक्कांच्या गच्चीवरचंच. मागच्या कार्तिकात त्यांनी ठेवणीतले पाच कांदे कुंडीत पुरले. त्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आले, डेंगळ्यांवर पांढरे गोंडे, आणि चैत्रात बोंडं तडकून आत काळं दिसू लागलं, तेव्हा गोंडे कापून सुपात वाळवले. विकतच्या पाकिटावरची तारीख किती जण वाचतात? कांद्याचं बी फार टिकत नाही. वर्ष उलटलं की उगवण घसरते. सुपातल्या बियाचं वय मात्र घरात सगळ्यांना पाठ असतं.

ट्रेमध्ये माती आणि चाळलेलं शेणखत. बोटाने ओढलेली रेघ, जेमतेम एक सेंटिमीटर खोल. उळं चिमटीतून सुटतंय. वर मातीचा पातळ थर, त्यावर ओलं गोणपाट.

आठवा दिवस. गोणपाट उचललं.

कोंब सरळ वर येत नाही. आधी कमरेत वाकलेला येतो, सुईच्या नेढ्यासारखा. टोक अजून मातीतच असतं. मग तो ताठ होतो आणि बियाचं काळं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन उभा राहतो.

“टोपी ओढू नको रे बाळा,” आक्का कॅमेरामनला दटावतात, “आपली आपण पडते.”

दीड महिन्यानं रोपं कुंडीत लावली. बुंध्याला दोनदा मातीची भर दिली, म्हणून खालचा दांडा असा पांढरा निघाला. एक ट्रे पावसात कोलमडला, तो गेला.

आता पात कापताना पाहा. विळी जमिनीपासून दोन बोटं वर. खालून पुन्हा फुटते.

तव्यावर मोहरी, हिरवी मिरची, चिरलेली पात, वरून पेरलेलं बेसन.

कोपऱ्यातल्या चार रोपांना लाल दोरा बांधलाय. त्यांना विळी लावायची नाही. त्यांचे कांदे कार्तिकात पुरायचेत.